दहा आठवड्यांचा उन्हाळा

वॉशिंग्टन शहराच्या पूर्व भागातून अ‍ॅनाकॉस्टिया नावाची एक लहानशी नदी वाहते आणि पुढे पोटोमॅकला मिळते. अमेरिकी संसदेची घुमटाची इमारत तिथून फार लांब नाही, पण पर्यटक या नदीकडे सहसा फिरकत नाहीत. एके काळी तिच्या काठी ब्लेडन्सबर्ग नावाचे बंदर होते आणि समुद्रावरची गलबते तिथपर्यंत येत. पुढे काठावरची जंगले तुटली, शेते वाढली, उघडी पडलेली माती दर पावसाळी पाण्याबरोबर पात्रात उतरत गेली आणि ते बंदर गाळाने बुजून गेले.

या गाळाचा इतिहास मार्गरीट टॉमस विल्यम्स नावाच्या एका शिक्षिकेने अभ्यासला. नदीच्या खोऱ्यातली धूप केवळ निसर्गक्रमाने झालेली नाही. जंगलतोड, शेती, चराई आणि शहराची वाढ यांनी तिचा वेग वाढवला, असा त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष होता. कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेने १९४२ साली त्यांना या प्रबंधासाठी पीएच.डी. दिली. अमेरिकेत भूविज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. माणूस भूरूपे बदलतो ही गोष्ट आज शाळेतली मुलेही जाणतात. विल्यम्स यांनी ती आपल्याच शहरातल्या नदीकडे पाहून मांडली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यांनी उघडलेल्या दारातून पुढे फार माणसे आली नाहीत. २०१८ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात रेचल बर्नार्ड आणि एमिली कूपरडॉक या दोन संशोधकांनी चाळीस वर्षांची आकडेवारी मांडली. भूविज्ञान, वातावरणशास्त्र आणि सागरविज्ञान या तिन्ही शाखांत अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळालेल्या पीएच.डी. पदव्यांचा तो हिशेब होता. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूलनिवासी गटांचा २०१६ साली लोकसंख्येतला वाटा ३१ टक्के होता आणि या पदव्यांमधला वाटा केवळ ६ टक्के. चार दशकांत स्त्रियांचे प्रमाण ठळकपणे वाढले, पण त्यात बहुतेक गोऱ्या स्त्रिया होत्या. वंशाच्या बाबतीत चाळीस वर्षांत प्रगती झालेली नाही, असे लेखाच्या शीर्षकातच म्हटले होते.

या तीन गटांसाठी अमेरिकेत ‘अपुरे प्रतिनिधित्व असलेले’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. विज्ञानक्षेत्राच्या सरकारी व्याख्येत आशियाई वंशाचे नागरिक त्यात धरले जात नाहीत. म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतली मुलेही या यादीत नाहीत. तेव्हा हा विषय आपल्या नातेवाइकांच्या हक्काचा नाही. तो थोडा दुरून, पण म्हणूनच अधिक नीट पाहता येईल असा आहे.

हे दार उघडण्यासाठी अमेरिकेत जे उपाय झाले, त्यांतला एक म्हणजे उन्हाळी संशोधन इंटर्नशिप. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-अकरा आठवडे एखाद्या संशोधन संस्थेत बोलवायचे, विद्यावेतन द्यायचे आणि खरे संशोधन करू द्यायचे. सांगायला ही गोष्ट साधी आहे. पण ती साधी दिसते तितकी का नाही, हे कळण्यासाठी आधी दार नेमके कुठे अडते ते पाहावे लागेल.

दार कुठे अडते?

गणित कच्चे असणे किंवा शाळा निकृष्ट असणे ही कारणे सगळ्याच विज्ञानशाखांना लागू आहेत. पृथ्वीविज्ञानाची स्वतःची अशी आणखी काही कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे रानावनाशी असलेले नाते. पृथ्वीविज्ञानाकडे वळलेली पुष्कळ माणसे आपल्या ओढीचे मूळ लहानपणच्या सहलींत सांगतात: वडिलांबरोबर डोंगर चढलो, तंबूत राहिलो, दगड गोळा केले. अमेरिकेत ही आठवण सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन ही वेगळी जागा राखलेली होती. तिथला भेदभाव पूर्णपणे संपायला १९५० साल उजाडले. १९३६पासून सुमारे तीस वर्षे ‘ग्रीन बुक’ नावाची एक मार्गदर्शिका निघत असे. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात जेवायला मिळेल, कुठे मुक्काम करता येईल याची ती यादी होती. ज्या घरात आजोबांना प्रवास करताना ही वही जवळ बाळगावी लागली, त्या घरात ‘चल, आठवडाभर डोंगरात राहून येऊ’ हे वाक्य सहज उच्चारले जात नाही. मूलनिवासींची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक कडू आहे. डोंगर त्यांचेच होते. एकोणिसाव्या शतकात सरकारी भूसर्वेक्षणाच्या तुकड्या तिथे नकाशे करत फिरल्या, त्याच काळात ते त्यांच्या हातून गेले. त्यांच्या दृष्टीने भूवैज्ञानिक हा अनेकदा खाण किंवा धरण येण्याआधी येणारा माणूस होता.

दुसरे कारण पैशाचे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत भूविज्ञानाची पदवी घेण्यासाठी ‘फील्ड कॅम्प’ करावा लागतो. पाच-सहा आठवडे डोंगराळ मुलखात राहायचे आणि पायी फिरून खडकांचे नकाशे काढायचे. शिकण्याची ही पद्धत उत्तम आहे यात शंका नाही. पण त्याची फी वेगळी भरावी लागते, भक्कम बूट आणि तंबूचे सामान विकत घ्यावे लागते आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्याची कमाई बुडते. जो विद्यार्थी सुट्टीत दुकानात काम करून पुढच्या वर्षीची फी जमवतो, त्याच्यासाठी हा खर्च दुहेरी असतो. विनावेतन इंटर्नशिपचेही तसेच. कागदावर ती सर्वांना खुली असते. ती परवडणारा वर्ग मात्र ठरलेला असतो.

तिसरे कारण माहितीचे. डॉक्टर काय करतो, वकील काय करतो, हे कोणत्याही वस्तीतल्या मुलाला ठाऊक असते. भूभौतिकशास्त्रज्ञ काय करतो, त्याला पगार कोण देतो, तिथे पोचायला कोणते विषय घ्यावे लागतात, हे घरात किंवा शेजारी कोणी त्या वाटेने गेले असेल तरच कळते. पीएच.डी. करताना फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळते, ही एवढी साधी गोष्टही अनेक हुशार मुलांना वेळेवर कोणी सांगत नाही.

बोल्डरचा प्रयोग

कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावाला लागून रॉकी पर्वताची पहिली रांग उभी राहते. त्या उतारावर वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी बांधलेली गुलाबी-तपकिरी छटेची एक इमारत आहे. १९६०मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राची ही प्रयोगशाळा. हवामानाची संगणकीय प्रारूपे घडवणाऱ्या जगातल्या प्रमुख केंद्रांत तिची गणना होते.

वॉरन वॉशिंग्टन १९६३ साली इथे रुजू झाले. ते ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे. शाळेत असताना त्यांनी रसायनशास्त्राच्या बाईंना विचारले होते, अंड्याचा बलक पिवळा का असतो? बाईंनी उत्तर दिले नाही. तूच शोधून काढ, असे सांगितले. ही आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. वातावरणशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे ते अमेरिकेतले दुसरे कृष्णवर्णीय. सहकारी अकिरा कासाहारा यांच्याबरोबर त्यांनी १९६०च्या दशकात संपूर्ण पृथ्वीच्या वातावरणाचे एक आद्य संगणकीय प्रारूप तयार केले. हवामानबदलाचे आजचे अंदाज अशाच प्रारूपांच्या वंशजांवर उभे आहेत. २०१० साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. २०२४मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्यासारखी दिसणारी माणसे या इमारतीत किती कमी आहेत, हे त्यांना रोज दिसत होते आणि तरुणांना या क्षेत्रात आणण्यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली.

हे केंद्र चालवणाऱ्या विद्यापीठसंघाने १९९६ साली ‘सोअर्स’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याची घडी टॉमस विंडम यांनी बसवली. नावाचा अर्थ वातावरण आणि संबंधित विज्ञानांत संशोधनाची भरीव संधी, असा. मात्र कार्यक्रमाचे वैशिष्ट्य नावापेक्षा रचनेत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, इथे विद्यार्थ्याला एकच मार्गदर्शक नसतो. संशोधनासाठी एक शास्त्रज्ञ असतो. लेखनासाठी दुसरी व्यक्ती असते. तिचे काम निबंधाचा मसुदा वाचणे, प्रश्न विचारणे आणि पुन्हा लिहायला लावणे. नव्या गावात राहणे, घरची आठवण, ‘मी इथे चुकून तर आलो नाही ना’ ही धास्ती, हे सगळे ज्याच्यापाशी बोलता येईल असा तिसरा माणूस असतो. आणि आदल्या वर्षी हाच उन्हाळा काढलेला एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी सोबतीला असतो. आपल्याकडे गाणे शिकायला गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याला गाण्याखेरीज जे जे मिळत असे, ते इथे चार माणसांत वाटून दिलेले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थी एका उन्हाळ्यापुरता येत नाही. तो चार उन्हाळ्यांपर्यंत परत येऊ शकतो. पहिल्या वर्षी गोंधळलेला मुलगा तिसऱ्या वर्षी नव्यांना सांभाळतो. तिसरी गोष्ट पैशाची: विद्यावेतन, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय, तिन्ही कार्यक्रमाकडून. अखेरीस निबंध लिहायचा आणि भरल्या सभागृहात आपले काम मांडायचे. पुढे परिषदेला जाण्याचा खर्चही मिळतो. २००१ साली या कार्यक्रमाला विज्ञानातल्या मार्गदर्शनासाठीचा राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार मिळाला. बोल्डरमध्येच २००५ साली भूकंप, ज्वालामुखी, भूपट्ट या घनभूविज्ञानाच्या विषयांसाठी ‘रिसेस’ हा कार्यक्रम याच धर्तीवर सुरू झाला. जीपीएसने जमिनीची हालचाल मोजणाऱ्या ‘युनाव्हको’ या संस्थेने तो उभारला. २०२३पासून ही संस्था भूकंपमापनातल्या दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन ‘अर्थस्कोप’ झाली आहे.

दहा आठवड्यांत काय घडते?

विसाव्या वर्षी, दहा आठवड्यांत कसले संशोधन होणार, अशी शंका कोणालाही येईल. एका उदाहरणाने ती थोडी दूर होईल.

पश्चिम अमेरिकेत खडकात घट्ट रोवलेली शेकडो जीपीएस केंद्रे आहेत. मोटारीतले जीपीएस आपल्याला काही मीटरपर्यंत जागा सांगते. ही केंद्रे मिलिमीटरपर्यंत सांगतात. त्यांचा मूळ हेतू भूपट्ट वर्षाला किती सरकतात हे मोजण्याचा. पण नोंदींचा आलेख काढला की त्यात दर वर्षी एक लाट दिसते. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साठतो, त्याच्या वजनाने जमीन किंचित दबते. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी वाहून गेले की ती वर येते. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्याला ही लाट म्हणजे अडगळ. ती वजा करून टाकायची आणि पुढे जायचे, अशी रीत होती.

२०१४ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी याच अडगळीकडे नीट पाहिले. तेव्हा पश्चिमेत भीषण दुष्काळ चालू होता. पाण्याचे ओझे कमी झाल्यामुळे जमीन सरासरीने ४ मिलिमीटर, तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १५ मिलिमीटरपर्यंत उचलली गेली होती. त्यावरून त्यांनी हिशेब केला की सुमारे २४० अब्ज टन पाणी नाहीसे झाले आहे. जमिनीच्या उसळीवरून दुष्काळाचे माप काढता आले.

आता समजा, न्यू मेक्सिकोतल्या एखाद्या सामुदायिक महाविद्यालयातली मुलगी जूनमध्ये बोल्डरला आली. तिला अशा वीस केंद्रांच्या नोंदी दिल्या. पहिले दोन आठवडे संगणकाची भाषा आणि फाइली उलगडण्यात जातात. तिसऱ्या आठवड्यात एका केंद्राचा आलेख इतरांपेक्षा वेगळा दिसतो. आपलेच काही चुकले असेल असे समजून ती दोन दिवस गप्प बसते. मार्गदर्शक विचारतात तेव्हा कळते की चूक तिची नाही. त्या केंद्राजवळ शेतीसाठी भूजल उपसले जाते आणि तिथली जमीन वर येण्याऐवजी खचते आहे. हे चित्र काल्पनिक आहे. पण अशा कामाचे स्वरूप साधारण असेच असते.

त्या दोन दिवसांच्या गप्प बसण्यात या कार्यक्रमांचे सगळे मर्म आहे. शास्त्रज्ञाच्या घरात वाढलेली मुलगी लगेच विचारते, कारण न समजणे हा संशोधनाचा रोजचा भाग आहे हे तिने जेवणाच्या टेबलावर ऐकलेले असते. ज्या मुलीने घरातली पहिलीच पदवी घ्यायला घेतली आहे, तिला न समजणे म्हणजे आपली अपात्रता उघडी पडणे असे वाटते. निबंधाचा मसुदा आठ वेळा बदलावा लागतो, नामवंत शास्त्रज्ञाचा लेखही परीक्षकांकडून लाल होऊन परत येतो, परिषदेत अनोळखी माणसाजवळ जाऊन स्वतःची ओळख करून द्यायची असते, शिफारसपत्र मागायला लाजायचे नसते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. हे ज्ञान घराण्यातून येते. ‘सोअर्स’सारख्या कार्यक्रमाने ते घराण्याबाहेर शिकवण्याची सोय केली.

प्रश्न कोणाचे?

इथवरचा विचार न्यायाचा झाला. पण विज्ञानाचे त्यात काय? दगड कोणी पाहिला म्हणून दगड बदलत नाही, असे म्हणता येईल. ते खरेच आहे. बदलते ते एवढेच, की कोणता दगड पाहायचा आणि कोणाला विचारायचे.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटापर्यंत समुद्रतळाचा एक भूपट्ट भूखंडाखाली शिरतो. १९८०च्या दशकापर्यंत तिथे मोठा भूकंप होतो की नाही याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद होते, कारण लेखी इतिहासात तशी नोंद नव्हती. मग ब्रायन अ‍ॅटवॉटर यांना वॉशिंग्टन राज्याच्या खाड्यांत पुरावा सापडला. जमीन एकाएकी खचून खाऱ्या पाण्यात उभी मेलेली देवदारांची झाडे आणि त्यांच्या मुळांवर त्सुनामीने आणलेली वाळू. १९९६मध्ये जपानी संशोधकांनी तिथल्या जुन्या दप्तरांतली, भूकंपाचा धक्का न जाणवता आलेल्या एका त्सुनामीची नोंद याच्याशी जोडली. तारीख ठरली: २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. भूकंपाची तीव्रता सुमारे ९.

हा भूकंप ज्यांनी सोसला त्यांचे वंशज त्याच किनाऱ्यावर राहत होते. माका, क्विल्यूट, हू-आय-आट या जमातींत समुद्र मागे हटून मग गावावर आल्याच्या, हिवाळ्यातल्या एका रात्री सगळी वस्ती वाहून गेल्याच्या, गरुडपक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीने धरणी थरथरल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात होत्या. एका गोऱ्या शिक्षकाने १८६०च्या दशकात माका वस्तीत राहून अशी एक हकिकत लिहूनही ठेवली होती. रूथ लडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये या कथा एकत्र करून तपासल्या. अनेक कथा १७०० सालच्या भूकंपाशी जुळत होत्या. शंभर वर्षे पुरावा समोर होता. तो लोककथा म्हणून मानववंशशास्त्राच्या कपाटात पडून राहिला, कारण भूविज्ञानाच्या खोलीत त्या किनाऱ्यावरचे कोणी बसलेले नव्हते.

दुसरे उदाहरण शहरातले आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज देणे धोक्याचे अशा वस्त्यांना लाल रंग दिला आणि त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या वस्त्या होत्या. पुढे तिथे गुंतवणूक आली नाही, बागा आल्या नाहीत. डांबर आणि हमरस्ते मात्र आले. २०२० साली १०८ शहरांचे उपग्रहांनी मोजलेले तापमान या जुन्या नकाशांशी ताडून पाहण्यात आले. ९४ टक्के शहरांत लाल वस्त्या इतर वस्त्यांपेक्षा जास्त तापलेल्या होत्या. सरासरी फरक सुमारे २.६ अंश सेल्सियसचा. उपग्रह कित्येक वर्षे आकाशात होते, नकाशेही दप्तरात होते. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहण्याचा प्रश्न मात्र उशिरा पडला. त्या वस्तीत उन्हाळा काढलेल्या माणसाला तो कदाचित आधी पडला असता.

याच ओघात आणखी एक नाव नोंदवले पाहिजे. १६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोत चर्च रॉक इथे युरेनियमच्या कारखान्याचा बांध फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. काठावर नवाहो लोकांची गुरे चरत. त्याच वर्षी मार्चमध्ये घडलेला थ्री माइल आयलंडचा अपघात जगभर माहीत आहे. चर्च रॉकचे नाव अजूनही अनेक सुशिक्षित अमेरिकनांनी ऐकलेले नाही. नवाहो भूमीवर पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या युरेनियम खाणी आहेत. त्यांतले पाणी आणि माती तपासायला नवाहो भाषा बोलणारा, आजीच्या मेंढ्या कोणत्या ओढ्यावर पाणी पितात हे माहीत असलेला भूरसायनशास्त्रज्ञ असणे ही निव्वळ विविधतेची शोभा नाही. ती कामाची गरज आहे.

आकड्यांचे उत्तर

मग या कार्यक्रमांना यश आले का? ‘सोअर्स’मधून गेलेल्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी पुढे पदव्युत्तर शिक्षणाकडे वळले आणि काहींनी पीएच.डी. करून स्वतः मार्गदर्शकाचे काम घेतले. यावर एक रास्त आक्षेप आहे. निवडलेली मुले मुळातच जिद्दीची होती. ती कार्यक्रमाशिवायही पुढे गेली असती, नाही कशावरून? याचे निर्विवाद उत्तर देणे अवघड आहे.

त्याहून मोठा आक्षेप २०१८च्या त्या आकडेवारीत आहे. ‘सोअर्स’ १९९६चा. २०१६ साली म्हणजे वीस वर्षांनी टक्केवारी सहा. एक कारण उघड आहे. असे कार्यक्रम वर्षाला मोजक्या मुलांना घेतात आणि देश मोठा आहे. दुसरे कारण अधिक त्रासदायक आहे. दहा आठवडे चार माणसांच्या मायेत राहून विद्यार्थी सप्टेंबरमध्ये ज्या विभागात परततो, तो विभाग बदललेला नसतो. तिथे तो पुन्हा वर्गातला एकटाच असतो. फील्ड कॅम्पच्या वाटेवर एखाद्या गावात पेट्रोल भरताना त्याच्याकडे रोखून पाहिले जाते आणि प्राध्यापकांच्या ते लक्षातही येत नाही. मुलांना संस्थेत टिकायला शिकवण्यापेक्षा संस्थेने मुले टिकतील असे व्हावे, हा विचार अलीकडे तिथे जोराने मांडला जातो आहे. त्यातून फील्ड कॅम्पचा खर्च विभागाने उचलणे, सामान उसने देणे, चालता न येणाऱ्यांसाठी नकाशाकामाचे पर्याय शोधणे अशा गोष्टी काही ठिकाणी सुरू झाल्या.

यात राजकारणाने आणखी एक वळण आणले. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवरचे विविधतेचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश निघाले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने या प्रकारच्या कामासाठी दिलेली अनेक अनुदाने मध्येच रद्द केली. उन्हाळी इंटर्नशिपचे बरेचसे गणित याच संस्थेच्या पैशावर चालत आले आहे. एका व्यक्तीला वंशाकडे पाहून संधी देणे म्हणजे दुसऱ्यावर अन्याय, हा या आदेशांमागचा युक्तिवाद. तो आपल्या कानांना नवा नाही. आपल्याकडे राखीव जागांच्या वादात तो अनेक दशके ऐकू येतो आहे.

आपल्या अंगणात

महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. तिकडच्या प्रयोगाकडे पाहून इकडचा विचार करण्याची रीत महाराष्ट्राला दीडशे वर्षांची आहे.

म्हणून शेवटी इर्शाळवाडीची आठवण. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले आणि त्याहून अधिक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. त्याआधी नऊ वर्षे, ३० जुलै २०१४ला, आंबेगाव तालुक्यातले माळीण असेच गाडले गेले; तीही आदिवासी वस्ती. डोंगरउतारावर कोण राहते आणि डोंगरउताराचे शास्त्र कोण शिकते, या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या तर काय दिसेल, हे वेगळे सांगायला नको.

संधी आपल्याकडे नाहीत असे नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देतात आणि तिच्यात पृथ्वीविज्ञानाचाही समावेश आहे. पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. बोल्डरच्या प्रयोगातून घेण्यासारखे आहे ते वेगळेच. अर्ज मागवला म्हणजे वाट तयार होत नाही. आश्रमशाळेतून तालुक्याच्या महाविद्यालयात आलेल्या मुलीला त्या अर्जाची बातमी कोण देणार? सुट्टीत घरची लावणी सोडून ती आली तर त्या मजुरीची भरपाई काय? निबंध कसा लिहितात हे तिच्याशेजारी बसून, तिच्या भाषेत, कोण सांगणार? आणि तिसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली तर ते कोणाच्या लक्षात येणार?

या प्रश्नांची उत्तरे खर्चिक नाहीत. ती वेळखाऊ आहेत. विद्यावेतन वेळेवर द्यायचे, एकाऐवजी तीन-चार माणसांनी एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यायची, त्याला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलवायचे आणि आपला विभागही थोडा बदलायचा. हे जिथे झाले तिथे काही मुले टिकली. ठाकरवाडीतल्या एखाद्या मुलीने जिओफोन लावून आपल्याच डोंगराची कुरकुर ऐकली, तर ती कोणता उतार निवडेल आणि कोणाला आधी विचारेल, हे आपण आज सांगू शकत नाही. अ‍ॅनाकॉस्टियाच्या काठी मार्गरीट विल्यम्स यांनी आपल्याच शहरातल्या गाळाला प्रश्न विचारला होता. त्यांचा प्रबंध अजूनही वाचता येतो.